दही-साखर खाऊन मेडिकल बोर्डापुढे

मेडिकल बोर्डापुढे पहिल्यांदा गेले तेव्हा मी दही-साखर खाऊन गेले होते. आईनंच ती तळहातावर ठेवली. निपाणीच्या शाळेत तिनं उभा जन्म मुलांना शिकवलं. परीक्षेला निघालेल्या पोरानं दही-साखरेशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा तिचा नियम. सरकारी दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी म्हणजे एक परीक्षाच, असं आम्हा दोघींनाही वाटलं, आणि आम्ही परीक्षेला करतात तशी जय्यत तयारी केली. तिचा निकाल काय लागला ते पुढं येईलच.

ज्यांना अशा तपासणीला जायचंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावं यात मिळणार नाहीत, ती तुमच्या डॉक्टरांना विचारा. माणसं कुठं आणि का चुकतात, एवढं मात्र मी खात्रीनं सांगू शकते.

गरम पाणी

आम्ही बेंगळुरूतल्या बनशंकरीत राहतो. मी, माझा नवरा गिरीश आणि बाबा गेल्यापासून आमच्याकडे राहायला आलेली आई. घर वरच्या मजल्यावर, खाली घरमालकीण पद्मक्का. मी एका सरकारी बँकेत नोकरीला. गिरीश पुण्याचा, महादेवपुऱ्यातल्या एका आयटी कंपनीत. त्याचा निम्मा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो आणि उरलेला त्याबद्दल बोलण्यात.

त्या वर्षी माझा डावा पाय मधूनमधून बधिर व्हायचा. चप्पल पायातून निसटलेली कळायची नाही, चार पावलं पुढं गेल्यावर कुणीतरी हाक मारून सांगायचं. दमायची तर इतकी, की जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचाही कंटाळा. शाखेत माणसं कमी, कामाचा ताण, व्हिटॅमिनची कमतरता, अशी कारणं मी स्वतःलाच पुरवत होते.

मग दिवाळी आली. नरक चतुर्दशीला पहाटे आईनं तेल लावलं, उटणं दिलं आणि गीझर असा तापवला, की बाथरूमभर वाफच वाफ. "चांगलं कढत घे. अभ्यंगस्नान चुकवलंस तर नरकात जाशील," ती दारातून म्हणाली. दोन-तीन तांबे घेतले असतील नसतील, समोरचा नळ पुसट झाला. वाफ असेल म्हणून डोळे पुसले, तर बादलीही पुसट. उठायला गेले तर पाय जागेवरच नाहीत. मी फरशीवर बसले ती बसलेच.

आई दार वाजवत होती. हाताला लागला तो गार पाण्याचा नळ सोडला आणि डोक्यावर पाणी ओतत राहिले. थोड्या वेळानं नळ दिसू लागला, मग बादली, मग बादलीवरची उटण्याची बोटं. मी घाबरले होते हे खरंच, पण त्याहून जास्त चकित झाले होते. गार पाण्यानं डोळे परत येतात, हा काय प्रकार आहे?

न्यूरॉलॉजिस्टना मी हे जरा लाजतच सांगितलं. तोवर खुर्चीत रेलून ऐकणारे डॉक्टर सरळ बसले. "आंघोळीचं पुन्हा एकदा सांगा," म्हणाले.

नाव कळलं तो दिवस

एमआरआयच्या नळकांड्यात मी आवाज ऐकत पडून राहिले. नोटा मोजायचं मशीन अडकल्यावर करतं तसाच तो आवाज, आणि माझा हात सवयीनं बंद करायचं बटण शोधत होता.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरांनी कागदावर वायर काढून दाखवली. वायरीवरचं प्लास्टिक जागोजागी खरवडलं गेलं की करंट नीट पोचत नाही, आणि अंग तापलं की त्याच वायरी आणखी कुचकामी होतात. बरा होतो का, असं आईनं विचारलं. आटोक्यात राहतो, असं उत्तर आलं. गिरीश तोवर मोबाइलवर शोधत सुटला होता. मी त्याच्या हातातून फोन काढून पर्समध्ये टाकला.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आईचं पहिलं वाक्य होतं, "पद्मक्काला गुडघेदुखी सांगायची."

मला भयंकर राग आला. इथं माझ्या डोक्यातल्या वायरी जळतायत आणि हिला घरमालकिणीची पडलीय! पण तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बांगड्या रुतत होत्या, म्हणून मी नुसतं "बरं" म्हणाले.

मग दवाखान्यातले दिवस. सलाइनमधून स्टेरॉइड. तोंडाला दिवसभर लोखंडाची चव, इडलीसुद्धा खिळ्यासारखी लागायची. भूक मात्र राक्षसासारखी. नर्सला मी इतके प्रश्न विचारले, की ती गमतीनं मला "डॉक्टर मॅडम" म्हणू लागली. भीती वाटली की मी प्रश्न विचारते. लहानपणापासूनची खोड आहे आणि या आजारात ती फार उपयोगी पडली. प्रश्न विचारता विचारता माणूस थोडा वेळ आजारातून बाहेर येऊन आजाराकडे बघतो, आणि तेवढाच श्वास मिळतो.

माझ्यावरच प्रयोग

घरी आल्यावर मी नाद लावून घेतला. कशानं काय होतं ते बघायचं. गरम चहा चालतो, गरम पाणी चालत नाही. फोडणीपुरती गॅसजवळ उभी राहते, पण पोळ्या करायला लागले की निम्म्यात खाली बसावं लागतं. एप्रिलच्या दुपारी बसस्टॉपवर थांबले की डाव्या डोळ्यापुढे पडदा येतो. गार पाण्याची बाटली मानेला लावली की तो हळूहळू सरतो. रागावले तरी पाय जड होतात, ही माहिती गिरीशच्या विशेष फायद्याची निघाली.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात आली. बेंगळुरूची हवा हे माझं निम्मं औषध होतं. सकाळचा गारवा, संध्याकाळचा वारा, शाखेतला एसी. त्या हवेच्या जोरावर मी काठी टेकत का होईना, नोकरी करत होते. सकाळी मला बघणाऱ्याला काही दिसायचं नाही. संध्याकाळी बघणाऱ्याला मी दारू प्यायलेली वाटत असेन.

आणि नेमकं अशातच मला प्रमोशन मिळालं, आणि त्यासोबत बदली. कलबुर्गी.

तिकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. मी ऑर्डर वाचली आणि पहिल्यांदा, आजाराचं नाव कळलं तेव्हाही रडले नव्हते, तशी रडले. नोकरी सोडायची की अंथरूण धरायचं, एवढंच उरलं होतं. बँकेच्या नियमात एक वाट होती. दिव्यांग कर्मचाऱ्याला लांबच्या बदलीतून सूट मिळते. पण त्यासाठी सरकारी बोर्डाचं प्रमाणपत्र हवं, आणि त्यावर चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व. हा आजार सरकारी यादीत आहे हे गिरीशनं शोधून काढलं, ऑनलाइन अर्ज भरला, आणि सरकारी हॉस्पिटलात तपासणीची तारीख मिळाली.

तयारी

आता आमची तयारी ऐका.

आदले दोन दिवस मी रजा घेतली, "नीट विश्रांती होऊ दे" म्हणून. आईनं एकाही कामाला हात लावू दिला नाही. तपासणीच्या दिवशी सकाळी सकाळी गार पाण्यानं आंघोळ. खळ घातलेली इलकल साडी. बस नको, एसी टॅक्सी. निघताना मी काठी घेतली तर आई म्हणाली, "काठी कशाला? एवढ्या लोकांत बरं दिसत नाही. मी आहे की हात धरायला." काठी दाराआड राहिली. मग दही-साखर. "घाबरायचं नाही, विचारतील त्याला नीट उत्तर द्यायचं," असं तिनं मला, शाखा सांभाळणाऱ्या बाईला, बजावलं.

आमचा नंबर लवकर लागला. टेबलापलीकडच्या डॉक्टरबाईंनी हसून विचारलं, "हेगिद्दीरा?" म्हणजे, कशा आहात?

"चेन्नागिद्दीनि," मी म्हणाले. छान आहे!

काय करणार? कुणी कशा आहात विचारलं, की छान आहे म्हणायचं, हे वळण हाडामांसात गेलेलं. त्यांनी चालून दाखवायला सांगितलं. मी साडीचा काठ नीट करून, मान ताठ ठेवून, रंगमंचावर बक्षीस घ्यायला जावं तशी चालले. मध्ये जरा तोल गेला, तो मी शिताफीनं सावरला. इतका छान सावरला, की माझं मलाच कौतुक वाटलं. घरी काय काय जमतं, असं विचारल्यावर आई पुढं झाली. तिचं कानडी निपाणीकडचं, दणदणीत. "सगळं करते की! स्वयंपाक, बँक, सगळं. पहिल्यापासून हुशार आहे, कधी कुणावर भार नाही."

काही दिवसांनी निकाल आला. चाळीसच्या बराच खाली.

आणि खरं सांगते, आई आनंदली. टक्के कमी म्हणजे आजार कमी, असा तिचा सरळ हिशेब. त्याच शुक्रवारी ती बनशंकरी अम्माच्या देवळात जाऊन लिंबाच्या सालीतले दिवे लावून आली. त्याहून खरं सांगायचं तर एक संध्याकाळभर मीही आनंदले. सरकारनं शिक्का मारून सांगितलं होतं, की मी फारशी आजारी नाही. कुणाला आवडणार नाही?

गिरीश ऑफिसातून आला, त्यानं निकाल वाचला, आमचे दोघींचे चेहरे पाहिले आणि तो मटकन सोफ्यावर बसला. "तुम्ही तिथं पास व्हायला गेला होतात का?" त्यानं विचारलं.

सोंग कुठलं?

फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो, तो केला. तारीख उन्हाळ्यातली आली. बँकेनं तोवर जेमतेम मुदत दिली. यावेळीही कमी पडले तर कलबुर्गी नक्की. भीतीनं माझी झोप उडाली होती.

गिरीशची योजना तयार होती. "सिंपल आहे. निघण्याआधी कढत पाण्यानं आंघोळ कर. गीझर फुल. मग बघू कोण काय म्हणतंय."

"हे सोंग झालं," आई म्हणाली. "आजारी माणसानं आजाराचं सोंग करायचं? छी!"

"आई, इट्स नॉट चीटिंग! गरम पाण्यानं जे होतं ते खरंच होतं ना?"

"मग मुद्दाम कशाला करायचं?"

दोघं भांडत राहिले आणि मी भलत्याच प्रश्नात अडकले. कढत आंघोळ हे सोंग असेल, तर मागच्या वेळची गार आंघोळ काय होती? रजा, टॅक्सी, दाराआड ठेवलेली काठी, ती कोणती मी होते? वर्षात एकदाही मी इतकी ठणठणीत नसते. सोंग मागच्याच वेळी झालं होतं, आणि तिघांपैकी कुणालाही ते सोंग वाटलं नव्हतं. चांगलं दिसण्याच्या सोंगाला आपण वळण म्हणतो.

"गार नको, गरम नको," मी म्हणाले. "रोज जशी असते तशी जाते."

फेरतपासणीच्या दिवशी सकाळी आईनं दही-साखरेची वाटी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत फ्रीजमध्ये ठेवली.

दुसऱ्यांदा

मी सकाळी बँकेत गेले, काम केलं, दुपारची रजा टाकली. आई बँकेत येऊन थांबली होती. आम्ही बसनं निघालो, हातात काठी. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ऊन थेट बाकावर येत होतं, वरचा पंखा नुसता हवा ढवळत होता. आमचा नंबर यायला वेळ लागला. डावा डोळा हळूहळू विझत गेला. बाटली पर्समध्येच होती. ती मानेला लावावी असं फार वाटलं. रोजच्या दिवशी लावलीच असती, म्हणून लावली. पण पाणी केव्हाच कोमट झालं होतं.

नाव पुकारलं आणि मला उठता आलं नाही. आई आणि शेजारच्या एका अनोळखी बाईनं काखेत हात घालून उठवलं.

आत त्याच डॉक्टरबाई. सोबत आणखी दोघे. बाईंनी जुना कागद पाहिला, मला पाहिलं. "मागच्या वेळी तर तुम्ही बऱ्या होतात."

"मागच्या वेळी मी तयारी करून आले होते."

"आणि यावेळी?"

"यावेळी ऑफिस करून आले."

त्या हसल्या नाहीत. "स्वल्प नडीरी," म्हणाल्या. जरा चालून दाखवा. मी चालले, म्हणजे काठी, भिंत आणि टेबलाची कड धरून खोलीच्या मध्यापर्यंत पोचले आणि थांबले. मग माझ्या न्यूरॉलॉजिस्टांचं उष्णतेबद्दलचं पत्र त्यांनी वाचलं, आणि मला अपेक्षितच नव्हतं असं काहीतरी केलं. शेजारच्या एसी खोलीत नेऊन मला बसवलं, प्यायला गार पाणी दिलं, "सरी, ठीक आहे, आता थोडं थांबा," म्हणाल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे वळल्या. बऱ्याच वेळानं येऊन पुन्हा चालायला लावलं. आता मी काठीनिशी दारापर्यंत जाऊन परत आले. संथ, पण आले.

त्या बाईंच्या चेहऱ्यावर मला माझंच कुतूहल दिसलं. त्यांनी विचारलं, "यातल्या खऱ्या तुम्ही कुठल्या?"

"दोन्ही," मी म्हणाले. "पण कलबुर्गीला गेले तर यातली एकच उरेल."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग त्यांनी आईकडे पाहिलं. "घरी कशा असतात?"

आता ही पुन्हा हुशार म्हणणार.

आईनं पदर सारखा केला. "मागच्या वेळी मी पोरीचं कौतुक केलं होतं," ती म्हणाली. "आज खरं सांगते. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ करते. दाराला कडी घालत नाही, बाहेर मी उभी असते. पोळी लाटता लाटता खाली बसते. संध्याकाळी जिना चढताना मध्ये थांबते, आणि खालच्या बाईनं विचारलं तर मी गुडघा दुखतो म्हणून सांगते. गुडघ्याला काही झालेलं नाही तिच्या." इथं तिचा आवाज फाटला. "तिला अपंग म्हणवत नव्हतं हो मला."

मीही रडले. तिच्या तोंडून तो शब्द ऐकून दुखलं, आणि त्याच वेळी खांद्यावरचं काहीतरी उतरलं. इतके दिवस ही बाथरूमच्या दाराबाहेर उभी असायची, हे मला माहीतच नव्हतं.

निकाल

यावेळी टक्के चाळीसच्या वर गेले. गिरीशनं फोनवर निकाल वाचून "येस!" म्हणून ओरडून घेतलं आणि लगेच ओशाळला. बायको अपंग ठरली म्हणून ओरडायचं की नाही, हे कुठं शिकवलेलं नसतं. मला मात्र त्याचं ओरडणं आवडलं. बदली रद्द झाल्याचं पत्र आलं, मागोमाग माझ्या फोटोचं दिव्यांग कार्ड. फोटोत मी शाळेतल्या मुलीसारखी गंभीर. काही वर्षांनी पुन्हा तपासणी आहेच.

तुम्ही जाणार असाल तर एवढंच ऐका. तुमच्या चांगल्या दिवशी जाऊ नका आणि मुद्दाम बिघडवलेल्या दिवशीही जाऊ नका. काठी वापरत असाल तर ती घेऊन जा. सोबतच्या माणसाला आधी सांगून ठेवा, की आज आपलं कौतुक करायचं नाही. आणि कशा आहात असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी एक क्षण थांबा. एवढं साधलं तरी पुष्कळ झालं.

पुन्हा दिवाळी

यंदा नरक चतुर्दशीला आईनं मला उशिरा उठवलं. तेल लावलं, उटणं लावलं. बाथरूममध्ये स्टूल मांडलेलं, बादलीत गार पाणी. दार सताड उघडं, आणि ती तांब्या घेऊन आतच उभी. मी कुडकुडत होते आणि नळ अगदी स्वच्छ दिसत होता.

एवढ्यात खालून फराळाचा डबा घेऊन पद्मक्का वर आल्या. "एण्णे स्नान आय्ता, शैला?" त्यांनी बाहेरूनच विचारलं. तेलाची आंघोळ झाली का?

मी आईकडे पाहिलं. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कानडीत, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "चाललीय, अक्का. तिला गार पाणी लागतं. गुडघा नाही दुखत तिचा. नसांचा आजार आहे, गरम पाण्यानं तिची नजर जाते. सरकारनंही लिहून दिलंय."

"अय्यो, आधी सांगायचं नाही का?" पद्मक्का म्हणाल्या. "गेली दोन वर्षं मी तुला गुडघ्याचं तेल आणून देतेय!"

आई हसली. मीही हसले आणि हसता हसता डोळे भरून आले.

"सूर्य वर आला," मी तिला चिडवलं. "त्यात गार पाणी. आता मी नरकात जाणार ना?"

"नरकात फार गरम असतं म्हणतात," आई म्हणाली. "तिकडं पाठवायला लागले तर कार्ड दाखव. बदली रद्द होईल."

आणि तिनं तांब्या भरून माझ्या पाठीवर ओतला.